गांजामुक्त गावाच्या ठरावातील तिसरे कलम

धुरकरी
आमच्या गावाच्या येत्या ग्रामसभेत 'गांजामुक्त गाव' असा ठराव यायचा आहे. मी निवृत्त शिक्षक, त्यामुळे मसुदा लिहिण्याचे काम सरपंचांनी माझ्याकडे दिले. पहिली दोन कलमे लिहून झाली. शाळा आणि बसथांबा यांच्या आसपासची विक्री बंद व्हावी हे एक, आणि आरोग्य उपकेंद्रात महिन्यातून एक दिवस व्यसनाबाबत समुपदेशन मिळावे हे दुसरे. तिसरे कलम मला तयार करून देण्यात आले आहे ते असे : 'गावात कोणीही गांजा ओढताना अथवा बाळगताना आढळल्यास त्यास तात्काळ पोलिसांच्या स्वाधीन करण्यात यावे.' येथे माझा हात अडला आहे.

अडण्याचे कारण पुस्तकी नाही. आमच्या आळीतल्या एका सालदाराच्या खिशात मागच्या हंगामात दोन पुड्या सापडल्या. काही दिवसांनी तो जामिनावर सुटला, पण खरी शिक्षा त्यानंतर सुरू झाली. जामीनदार म्हणून सातबारा घेऊन उभे राहायला कोणी तयार नव्हते. पेशी चाळीस किलोमीटरवर, म्हणजे प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि वकिलाच्या हातावर ठेवायचे काही. पाडव्याला मालकाने त्याचे साल मोडले, कारण ऐन डवरणीच्या दिवसांत कोर्टाला जाणारा गडी कोणाला परवडणार? त्याची बायको आता एकटी कापूस वेचायला जाते. पुडी विकणारा मात्र त्याच पानठेल्यामागे आजही उभा असतो.

स्वतःपुरते बाळगणे आणि ओढणे हा फौजदारी गुन्हा असू नये, या मताशी मी येऊन पोहोचलो आहे. ग्रामसभेत हे बोलायचे तर आर्थिक आणि सामाजिक बाजू नीट मांडावी लागेल, नाहीतर 'मास्तरही ओढायला लागले' एवढेच लोक घरी घेऊन जातील. बाजूचे आणि विरुद्ध, दोन्ही प्रकारचे मुद्दे हवे आहेत.

पऱ्हाटी
गुरुजी, तुम्ही अर्ध्यावरच थांबलात. ओढणाऱ्याला सोडून द्या म्हणता, मग पिकवणाऱ्याचे काय? लांब धाग्याच्या कापसाला 2024-25 चा हमीभाव 7,521 रुपये क्विंटल होता, आणि ओलाव्याचे कारण सांगून व्यापारी त्याच्याही खाली मागत होते. तुरीच्या तासात लपवलेल्या चार झाडांना जो भाव मिळतो म्हणून ऐकतो, तो ऐकला की स्वतःच्या पऱ्हाटीकडे पाहावेसे वाटत नाही. सरकारने परवाना द्यावा, कर घ्यावा आणि विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला एकदा तरी भावाचे पीक घेऊ द्यावे. दारूवर राज्याची तिजोरी चालते, ती चालते ना?

चौथा_प्रयोग
पऱ्हाटीभाऊ, आमच्या शिवाराने सफेद मुसळी पाहिली, जट्रोफा पाहिला, इमू पाहिले. प्रत्येक वेळी रंगीत पत्रक घेऊन कोणीतरी आले होते आणि प्रत्येक पत्रकात एकरी उत्पन्नाचा आकडा जाड अक्षरांत होता. इमूंपैकी शेवटचा एक आमच्या गोठ्यात म्हशीशेजारी बरीच वर्षे होता. त्याला विकत घेणारा कोणी आला नाही आणि कापायची आमची हिंमत झाली नाही.

विनोद बाजूला ठेवतो. गांज्याला आज जो भाव आहे, तो झाडाचा नाही, तुरुंगाचा भाव आहे. धोका पत्करण्याची किंमत त्यात धरलेली असते. धोका गेला की ती किंमत जाते आणि उरते एक तण, जे खत-पाण्यावाचूनही कमरेच्या वर वाढते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत 2014 च्या जानेवारीपासून खुली विक्री सुरू झाली आणि पुढे घाऊक भाव पडत गेले. कॅनडाने ऑक्टोबर 2018 मध्ये मुभा दिली, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी काचघरे उभारली आणि नंतर न विकलेला माल नष्ट करण्याची वेळ त्यांच्यावर आली. थायलंडने जून 2022 मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, गल्लोगल्ली दुकाने निघाली, आणि 2025 मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विक्री पुन्हा बंद केली. या तिन्ही ठिकाणी कोरडवाहू शेतकरी गबर झाल्याचे मी वाचलेले नाही. ज्याच्याकडे भांडवल आणि परवाना, त्याचेच पीक. म्हणून गुरुजींनी ग्रामसभेत 'शेतकऱ्याला पैसा मिळेल' हा मुद्दा मुळीच काढू नये, अशी माझी विनंती आहे.

पऱ्हाटी
इमूचे उत्तर माझ्याकडे नाही. पण उत्तराखंडात 2018 पासून हेम्पच्या, म्हणजे धाग्या-बियांसाठीच्या भांगेच्या, लागवडीला परवाने मिळतात, त्याचे काय?

तालुका_वकील
हेम्पचे उत्तर थोडक्यात देतो. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या चौदाव्या कलमाखाली सरकार धागा, बी किंवा बागायती उपयोगासाठी लागवडीची मुभा देऊ शकते आणि उत्तराखंडाने तोच मार्ग धरला. त्या झाडात नशेचे द्रव्य, म्हणजे टीएचसी, 0.3 टक्क्यांच्या आत असावे लागते. ते पीक ओढून कोणाला काही चढणार नाही. धागा काढणारी गिरणी जवळ नसेल तर विकणाऱ्यालाही काही मिळणार नाही. चौथा_प्रयोग यांचा इशारा तिथेही लागू आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण येथे दोन गोष्टींची सरमिसळ होत आहे. कायदेशीर करणे म्हणजे दुकान, परवाना, कर. गुन्हेगारीतून वगळणे म्हणजे विक्री आणि व्यापार बंदच ठेवायचा, फक्त स्वतःपुरते बाळगणाऱ्यावर फौजदारी खटला चालवायचा नाही. पोर्तुगालने जुलै 2001 पासून दुसरी गोष्ट केली. तेथे दहा दिवसांच्या वैयक्तिक वापराइतका साठा सापडला, तर माणूस न्यायालयाऐवजी कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणाऱ्या मंडळींच्या समितीपुढे जातो. विकणाऱ्याला तिथेही तुरुंगच आहे. गुरुजींचे म्हणणे या दुसऱ्या प्रकारात बसते आणि ते त्यांनी पहिल्याच वाक्यात स्पष्ट करावे.

आपल्याकडची स्थिती अशी आहे. एक किलोपेक्षा कमी गांजा 'अल्प प्रमाण' आणि वीस किलोपेक्षा जास्त 'व्यापारी प्रमाण' धरले जाते. अल्प प्रमाण बाळगल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नुसते सेवन केल्यास सत्ताविसाव्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तितकाच दंड किंवा दोन्ही. म्हणजे कायद्यानेही किरकोळ ओढणाऱ्याला तस्कराच्या रांगेत बसवलेले नाही. 2001 च्या दुरुस्तीपासून ही प्रमाणवार विभागणी आली. पण गुरुजींनी लिहिले ते खरे आहे. आमच्याकडे येणाऱ्या अशा माणसाला शेवटी होणारा दंड हा त्याच्या खर्चातला सर्वांत लहान आकडा असतो. मोठा आकडा पेश्यांचा. माल तपासणीसाठी न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो, अहवाल यायचा तेव्हा येतो, साक्षीदार पंच कामासाठी पुण्याकडे गेलेला असतो, आणि दरम्यान तारीख पडत राहते. यात पोलिसांचे मनुष्यबळ, सरकारी वकील, न्यायालयाचा वेळ, हे सगळे सरकारचेही जाते. दोन पुड्यांसाठी एवढी यंत्रणा राबवणे हा माझ्या दृष्टीने निव्वळ हिशेबाचा घोटाळा आहे.

आणखी एक. त्याच कायद्यात चौसष्ट-अ हे कलम आहे, ज्याखाली व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या खटल्यातून त्याला संरक्षण मिळू शकते. वीस वर्षांच्या वकिलीत ते वापरलेले मी दोनदा पाहिले.

जुना_पोलीस_पाटील
वकील साहेबांनी प्रमाणाचा विषय काढला म्हणून लिहितो. पोलीस पाटील असताना मी अशा एका पंचनाम्याला हजर होतो. म्हातारा गोठ्यामागे पाच झाडे लावून होता. बैलाचे पोट फुगले की पाला देतो, असे त्याचे म्हणणे, आणि आमच्या भागात जुन्या लोकांची ती रीत होतीही. झाडे मुळासकट उपटली. तोलायला काटा नव्हता म्हणून खेडा खरेदीवाल्याचा कापूस मोजायचा काटा आणला. झाडे ओली, मुळांना काळ्या मातीचे ढेकूळ तसेच. उचलताना एक ढेकूळ गळून पडले, तर एका शिपायाने ते उचलून पुन्हा झाडांवर ठेवले. कोणी हसले नाही. जे वजन भरले, ते 'गांजा' म्हणून कागदावर चढले आणि मी त्याखाली सही केली.

ही सही मला आजही टोचते.

तालुका_वकील
पाटील काका, तुमच्या ढेकळाला कायद्यातही जागा नव्हती. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच भांग बाहेर राहते आणि मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थानात तिची परवानाधारक दुकाने चालतात. पाने, देठ, मुळे एकत्र तोलली म्हणून उच्च न्यायालयांनी आरोपींना जामीन दिल्याची उदाहरणे आहेत. मात्र हा युक्तिवाद करायला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, आणि तुमच्या म्हाताऱ्याला तालुक्याला जायलाही दुसऱ्याची सायकल मागावी लागली असेल. शिवाय त्याच्यावर लागवडीचा आरोप असेल तर वजनाचा फायदा मर्यादित. लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिथे 'अल्प' नावाची पायरी नाही. पाच झाडे काय आणि पाच एकर काय.

रिकामा_बैल
बैलाला आरोपी क्रमांक दोन केले नाही, हे नशीब समजावे.

चिमूरची_लेक
सगळे पुरुषच बोलत आहेत, म्हणून मी थोडे सविस्तर लिहिते. 2010 मध्ये दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत बायका पायी गेल्या, त्यांत माझी आई होती. तिच्या पायाचे फोड मी पाहिले आहेत. 2015 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात बंदी झाली तेव्हा आमच्या घरी गोड केले होते. 2021 मध्ये ती उठली. तेव्हा 'बंदी फसली, चोरटी दारू वाढली, महसूल बुडाला' असे जे सांगितले गेले, त्याचीच भाषा मला या धाग्यात ऐकू येते. चोरी होते म्हणून नियमच काढायचा, हा कोणता न्याय? हुंडाही घेतला जातोच ना?

धुरकरी सरांच्या सालदाराविषयी मला वाईट वाटते. पण नवरा चिलमीवर बसला की घरात पैसा येत नाही, हे त्याच्या बायकोला विचारले का? 'फौजदारी नको' या दोन शब्दांचा गावात अर्थ एकच घेतला जाईल, की आता चालते. पारावर बसून बारावीची पोरे ओढतील आणि हटकणाऱ्या बाईला म्हणतील, काकू, आता गुन्हा नाही. कायद्याचा धाक हा बाईच्या हातातला एकच दगड आहे. तोही काढून घेऊ नका.

पानठेला
ताईंचा राग समजतो. माझा स्वतःचा ठेला आहे, त्यामुळे माझे बोलणे पदरच्या सोयीचे वाटले तर वाटो. राज्यात गुटखाबंदी 2012 मध्ये झाली. त्या बंदीनंतर आमच्या भागात खर्रा घोटणे थांबले नाही. आता शाळेतली पोरेसुद्धा पन्नी चोळत असतात. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोळायला मला दोन मिनिटे लागतात आणि माझ्यावर आजवर कोणी खटला केला नाही. माझ्या ठेल्यावर येणाऱ्यांपैकी किती जणांचे तोंड आता दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, ते मी मोजणे सोडले आहे. माणूस मारणारी वस्तू मी उघड्यावर विकतो आणि माझ्यामागे उभा असलेला पुडीवाला चोर ठरतो, हा हिशेब मला लागत नाही. मी त्याला तिथून हाकलतो, हेही नोंदवून ठेवतो.

निमाडी
मी खंडव्याकडचा, पण लग्नाने बुलढाण्याचा जावई. आमच्याकडे जुने लोक एक गोष्ट सांगत, ती सरकारी दप्तरातही आहे. इंग्रजांच्या काळी मध्य प्रांताला लागणारा गांजा खंडव्याच्या परिसरात परवान्याने पिकत होता आणि सरकारी गोदामात तोलून जमा होत होता. 1893-94 मध्ये 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'ने देशभर हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. त्यांनी अतिसेवन घातक ठरवले, पण बेताच्या सेवनाने बहुतेकांना विशेष अपाय होत नसल्याचे म्हटले, आणि बंदी न घालता कर व नियंत्रण ठेवावे अशी शिफारस केली. त्या सरकारचा डोळा महसुलावर होता, हे उघड आहे, म्हणून त्या अहवालाला मी वेदवाक्य मानत नाही. मात्र गांजा ओढणे म्हणजे तुरुंग, हे समीकरण आपल्या मातीतले जुने नाही. ते मुख्यतः अमली पदार्थांवरच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारामागून आणि 1985 च्या कायद्याने आले. 2020 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा सर्वांत कडक अनुसूचीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिले होते, हेही ग्रामसभेला सांगता येईल.

एकतारी
परंपरेचा विषय निघाला, तर साधुसंतांच्या चिलमीचे दाखले कोणी देऊ नयेत, असे सुचवतो. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या आणि सालबर्डीच्या यात्रेत धुनीपुढे काय चालते, हे सगळ्यांनी पाहिले आहे. तिथे पोलीस दुसरीकडे पाहतात आणि त्याच आठवड्यात बसथांब्यावरचा मजूर धरला जातो. एवढेच नोंदवावे, त्यापुढे श्रद्धेत हात घालू नये.

उपकेंद्र
मी आरोग्य खात्यात आहे, म्हणून दोन्ही बाजूंना न आवडणारे लिहावे लागेल. 'गांजा निरुपद्रवी आहे' हे ग्रामसभेत कोणी म्हणाले तर मी उठून विरोध करीन. कोवळ्या वयात सुरू करणाऱ्यांत, विशेषतः माल जहाल असेल आणि घराण्यात मानसिक आजार असेल तर, भ्रम होणे, आवाज ऐकू येणे, संशय वाढणे हा धोका खरोखर वाढतो. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला होता, तो विहिरीतले पाणी पीत नव्हता, कारण त्यात कोणीतरी काही मिसळले आहे अशी त्याची खात्री होती. त्याची आई रोज दुसऱ्या गावाहून त्याच्यासाठी पाणी आणत असे.

आता दुसरी बाजू. त्या आईने मुलाला दाखवायला सात महिने लावले. का, असे विचारले तर म्हणाली, दवाखान्यात नाव लिहिले की पोलिसांना कळते. तसे काही नसते, पण तिला ते कोण सांगणार? चिमूरच्या ताईंना माझे एवढेच सांगणे आहे, की धाकाचा दगड आहे खरा, पण तो पहिल्यांदा आईच्याच पायावर पडतो.

प्रमाणही लक्षात घ्यावे. एम्सच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 10 ते 75 वयोगटात दारू घेणारे 14.6 टक्के, तर भांग, गांजा, चरस मिळून 2.8 टक्के आढळले, आणि त्यातही भांगेचाच वाटा मोठा होता. दारूवरचा परवाना आपण पचवला आणि गांजावाल्यासाठी समुपदेशक मिळत नाही. कोणाला गरज असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो.

चिमूरची_लेक
पाणी आणणाऱ्या आईचे वाचून थोडा वेळ थांबले. माझा विरोध मागे घेत नाही. पण अट घालते. ठराव ओढणाऱ्याला सोडणार असेल तर विकणाऱ्याचे नाव ग्रामसभेत उघड विचारले गेले पाहिजे, आणि अठराच्या आतला मुलगा सापडला तर त्याच्या आईबापांना उपकेंद्रात यावेच लागेल असे लिहा. नुसते 'सोडा' लिहाल तर मी तुमच्या गावी येऊन विरोधात हात वर करीन.

धुरकरी
ताई, हात वर करायला मतदार यादीत नाव लागते, पण चहाला अवश्य या. सालदाराच्या बायकोला विचारले का, हा तुमचा प्रश्न मला लागला, कारण विचारले नव्हते. काल गेलो. ती म्हणाली, 'ओढत होता तेव्हा आठवड्याचे शंभर-दीडशे जात होते. आता कोर्टात जातात, आणि ओढतो तो ओढतोच.' त्याला ओढू द्यावे असे ती म्हणाली नाही. त्याला कोणीतरी धरून दवाखान्यात न्यावे, असे म्हणाली.

चर्चेनंतर तिसरे कलम असे लिहिले आहे : 'स्वतःपुरता गांजा बाळगणाऱ्या अथवा ओढणाऱ्या व्यक्तीस ग्रामपंचायत पोलिसांकडे न नेता उपकेंद्रातील समुपदेशनास नेईल, ती व्यक्ती अठरा वर्षांखालील असल्यास पालकांनी सोबत येणे बंधनकारक राहील, विक्री अथवा लागवड करणाऱ्याबाबत मात्र ग्रामसभा निर्णय घेईल, आणि सेवनास फौजदारी शिक्षेतून वगळावे, अशी शिफारस ही सभा शासनाकडे करीत आहे.' शेतकऱ्याला पैसा मिळेल, हे वाक्य चौथा_प्रयोग यांच्या इमूला स्मरून गाळले आहे.

जुना_पोलीस_पाटील
गुरुजी, एक दुरुस्ती तातडीने करा. लागवडीबाबत 'ग्रामसभा निर्णय घेईल' असे लिहू नका. त्याच कायद्याच्या सत्तेचाळिसाव्या कलमाप्रमाणे बेकायदा लागवड कळली की सरपंच, पंच आणि गावचा प्रत्येक अधिकारी यांनी ताबडतोब कळवलेच पाहिजे, नाहीतर तेच शिक्षेला पात्र ठरतात. शेतमालकावर तसेच बंधन घालणारे सेहेचाळिसावे कलम आहे. तुमच्या ठरावाने सरपंच अडकतील. सेवनाबाबत मात्र कळवण्याचे असे बंधन त्या कलमात नाही, तिथे तुमचे वाक्य टिकते.

तालुका_वकील
काका बरोबर आहेत. आणि 'बंधनकारक' हा शब्दही काढा. ग्रामसभेला तो अधिकार नाही. 'पालकांना सोबत येण्यास सांगण्यात येईल' एवढे पुरे. ताई रागावतील, पण कागद टिकेल.

धुरकरी
दोन्ही दुरुस्त्या केल्या. सेवन आणि लागवड यांची आता वेगळी कलमे झाली, म्हणजे ठराव चार कलमांचा झाला. विक्रेत्याचे नाव ग्रामसभेत विचारायचे, हे ताईंचे म्हणणे चौथ्या कलमात घेतले आहे आणि ते वाचताना सरपंचांनी एकदा पानठेल्याकडे व एकदा माझ्याकडे पाहिले.

सभा मात्र काल कोरमअभावी तहकूब झाली. कापसाची वेचणी जोरात आहे आणि मजूर मिळेनासा झाला आहे. पुढची तारीख ठरली की लिहितो.